गुपिताचा धनी

वकिलाकडे जातो तो अशील, डॉक्टरकडे जातो तो रोगी, दुकानात येते ते गिऱ्हाईक, आणि भटजींना घरी बोलावतो तो यजमान. प्रत्येक व्यवसायाच्या समोर बसणाऱ्या माणसाला आपल्या भाषेने एकेक नाव दिले आहे, आणि त्या नावाबरोबर त्याचा हक्कही नकळत ठरवून टाकला आहे. अशिलाने सांगितलेले वकिलाने चव्हाट्यावर मांडू नये. रोग्याला विचारल्यावाचून त्याच्या अंगाला शस्त्र लावू नये. गिऱ्हाइकाला मापात मारू नये. यजमानाच्या कार्याचे फळ यजमानालाच मिळावे. हे कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही. शब्द शिकता शिकताच ते आपण शिकतो. समुपदेशकाकडे जाणाऱ्या माणसाला मात्र मराठीत अद्याप सर्वांनी मान्य केलेले नाव नाही. कोणी त्याला अशील म्हणतात, कोणी रुग्ण म्हणतात; सरकारी अहवालात तो 'लाभार्थी' होतो; आणि बोलताना 'क्लायंट' म्हणून आपण वेळ मारून नेतो.

हा नुसता शब्दाचा तुटवडा असता, तर तो एखाद्या परिभाषा-समितीवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु नाव ठरलेले नाही याचे कारण नाते ठरलेले नाही, असे मला वाटते. शाळा, महाविद्यालये, कचेऱ्या, इस्पितळे, न्यायालये अशा अनेक ठिकाणी आता समुपदेशनाच्या खोल्या उघडल्या आहेत. त्या उघडल्या याचा मला आनंदच आहे. तथापि त्या खोलीत शिरणाऱ्या माणसाचा तेथे नेमका कोणता हक्क आहे, आणि तो कशातून उत्पन्न होतो, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. व्यवसायाची नियमावली सांगण्याचा माझा विचार नाही. नियमावलीच्या मुळाशी कोणती नीती असावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मन मोकळे करण्याची गरज काही नवी नाही. माहेरी आलेली लेक रात्री आजीच्या अंथरुणाशेजारी आपले अंथरूण घाली आणि दिवा गेल्यावर बोलू लागे. मामा होता, मावशी होती, घरोब्याचे डॉक्टर होते. या माणसांना आपण फी दिली नाही, आणि गुप्ततेची हमीही मागितली नाही. मागितली असती तर बहुधा मिळालीही नसती. मावशीला सांगितलेले आईला कळणार, हे सांगणारीला ठाऊक असे. कित्येकदा आईला कळावे म्हणूनच ते मावशीला सांगितलेले असे. नात्यातले हितगुज असे फिरत फिरत योग्य जागी पोचते, आणि त्याचे तसे फिरणे हाच त्याचा उपयोग असतो. पण काही गोष्टी या वाटेने सांगता येत नाहीत. ज्या गोष्टीत ऐकणाराच गुंतलेला आहे, ज्या गोष्टीने ऐकणाऱ्याची झोप उडेल किंवा त्याच्या डोळ्यांत आपली किंमत उतरेल, ती गोष्ट आपल्या माणसापाशी बोलणे फार कठीण होते. तिला परका माणूसच लागतो.

महाराष्ट्रात हे फार लवकर ओळखले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. प्रश्न असे, की जे विचारणाऱ्याला घरात, शाळेत, देवळात, इतकेच काय दवाखान्यातही विचारता आले नसते. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकात वाचक दुसरे काय विचारणार, हा त्यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता; तरीही कर्व्यांना दंड झाला. या खटल्याकडे आपण आविष्कारस्वातंत्र्याचा खटला म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दंड भरला तो उत्तर देणाऱ्याने. प्रश्न विचारणारा झाकलेला राहिला. सल्ला देणाऱ्याने अंगावर काय घ्यावयाचे असते, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जुनी माणसे यावर विचारतील, की आजी असताना परका कशाला? हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या माणसांचाच आहे असे मात्र नाही. १९९१ साली अमेरिकेत एका स्त्री पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने एक माणूस ठार झाला. त्या आघाताने ती एका परवानाधारक समाजकार्यकर्तीकडे समुपदेशनासाठी जाऊ लागली. पुढे मृताच्या कुटुंबाने दावा लावला आणि त्या बैठकींची टिपणे न्यायालयात आणावीत अशी मागणी केली. दोघींनी ती देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९६ साली सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तेथील न्यायमूर्तींनी ठरविले, की अशा खोलीत बोललेले न्यायालयालाही मागता येणार नाही. भिन्न मत देणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी मात्र विचारले, की लोकांना खरा आधार आईच्या सल्ल्याचा असतो. मग आईला जे संरक्षण कायद्याने दिले नाही, ते या व्यवसायाला का द्यावे?

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याला थट्टेने उडवून लावणे बरे नाही. माझे उत्तर असे, की आई आपल्या आयुष्याचाच भाग असते. तिला जे सांगतो ते तिचेही होते. ती त्यावर रडते, भांडते, नवस बोलते, आणि वेळ पडली तर आपल्या मनाविरुद्ध चार माणसांना गोळा करते. तो तिचा अधिकार आहे, कारण परिणामही तीच भोगते. समुपदेशक काही भोगत नाही. ठरलेली वेळ संपली की दार उघडून तो पुढच्या माणसाला आत घेतो. ज्याला परिणाम भोगावयाचा नाही, त्याला त्या गोष्टीवर आईचा अधिकारही असू शकत नाही. त्याच्या हातात जे येते ते दुसऱ्याच्या मालकीचे राहूनच येते.

येथे आपण मुळाशी येतो. समुपदेशकाने गुप्तता का पाळावी, याची दोन कारणे सामान्यतः दिली जातात. पहिले कारण उपयुक्ततेचे: गुप्तता नसेल तर लोक येणार नाहीत आणि बोलणार नाहीत. हे खरे आहे, पण अपुरे आहे. उपयोगासाठी पाळलेला नियम, मोडण्यात अधिक उपयोग दिसला की मोडतो. दुसरे कारण शीलाचे: पोटात ठेवणे हे सज्जनाचे लक्षण आहे. हेही खरे आहे. पण या विचाराने गुप्तता हा समुपदेशकाचा दागिना होऊन बसतो. तो त्याने घातला तर त्याचे कौतुक करावयाचे, आणि उतरवून ठेवला तर हळहळावयाचे; समोरच्या माणसाला मात्र मागण्यासारखे काही उरत नाही.

तिसरे एक कारण आहे, आणि ते आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या व्यवहारभागात मला सापडते. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणाच्या खालोखाल निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, स्थान आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे लहानसे प्रकरण आहे. आत काय आहे ते न सांगता, बंद करून दुसऱ्याच्या हाती विश्वासाने दिलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी दिली तशीच परत करावी. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी लुटली, तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही. धन्याने मागूनही दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर भरपाई आणि दंड दोन्ही. आणि जो स्वतःच्या मर्जीने त्या ठेवीवर आपली उपजीविका करील, त्याला शासन करावे व वाढीसह ती परत करावयास लावावी. या मोजक्या श्लोकांत ठेवणाऱ्याच्या दयेचा किंवा सज्जनपणाचा आधार घेतलेला नाही. वस्तू दुसऱ्याची आहे, एवढ्या एका गोष्टीतून सगळे कर्तव्य निघाले आहे.

गुपित ही अशी ठेव आहे, असे मी मानतो. एक फरक आहे, तो लपवीत नाही. उपनिधी बंद असतो, आणि समुपदेशकापुढे ठेवलेली वस्तू उघडी असते. म्हणूनच ती अधिक जपावयाची. गाठोडे परत दिले की ठेवणाऱ्याकडे काही उरत नाही. ऐकलेले मात्र परत देऊनही त्याच्यापाशी उरतेच.

एवढे मान्य केले की काही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात. व्याख्यानांत आणि लेखांत 'नाव बदलले आहे' असे म्हणून सांगितलेल्या हकिगती आपण नेहमी ऐकतो. नाव बदलल्याने ओळख पुसते, मालकी पुसत नाही. ज्याची हकिगत आहे त्याला विचारल्यावाचून तिच्यावर टाळ्या मिळविणे, हे याज्ञवल्क्याच्या भाषेत ठेवीवर उपजीविका करणेच होय. उलटपक्षी, अवघड प्रसंगी समुपदेशकाने आपल्याहून अनुभवी माणसाचा सल्ला घेणे गैर नाही. व्यवसायाच्या शिस्तीत ते आवश्यकच मानले जाते. परंतु तसे होईल हे धन्याला आधी ठाऊक असले पाहिजे. नोंदींचेही तसेच. माझ्याविषयी काय लिहिले आहे, हे पाहण्याचा अधिकार मागणे म्हणजे समुपदेशकावर संशय घेणे नव्हे. ठेवीदाराने आपले खातेपुस्तक मागण्याइतके ते साधे आहे.

आता अडचणी येतात. पहिली अडचण पैशाची. अनेकदा खोलीत बसणारा एक असतो आणि खोलीचे भाडे भरणारा दुसरा. माझ्या परिचयाच्या एका महाविद्यालयात समुपदेशन-कक्ष उघडला. दोन वर्षांनी प्राचार्यांनी तेथील बाईंकडे वर्षभरात आलेल्या विद्यार्थ्यांची यादी मागितली. हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, "पालकांनी मुले आमच्या स्वाधीन केली आहेत, उद्या काही बरेवाईट झाले तर जाब मला विचारतील." बाईंनी आकडा दिला, विषयांची ढोबळ वर्गवारी दिली, आणि नावे देण्यास नकार दिला. "नावं माझी नाहीत, सर," एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यात आली नाही. मला हे प्रकरण अन्यायाचे वाटते. पण त्याहून महत्त्वाचे असे वाटते, की प्राचार्यांना आपण काही गैर मागत आहोत याची कल्पनाच नव्हती. पगार देणारा तो मालक, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. पगाराने समुपदेशकाचा वेळ विकत घेता येतो. त्या वेळात जे सांगितले गेले ते विक्रीला नसते. कचेरीत कामगारांसाठी, शाळेत मुलांसाठी समुपदेशक नेमणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट नेमणुकीच्या दिवशीच लिहून दिली पाहिजे.

दुसरी अडचण याहून फार मोठी आहे. ठेव म्हणून ठेवलेली वस्तू सोने नसून हत्यार असेल तर? प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभीच सॉक्रेटिस हा प्रश्न करतो: शहाण्या मनःस्थितीत मित्राने शस्त्र आपल्यापाशी ठेवले आणि वेड लागल्यावर ते परत मागितले, तर द्यावे काय? देऊ नये, हे सर्वांना कबूल होते. हा प्रश्न पुस्तकातून बाहेर पडून १९६९ साली कॅलिफोर्नियात उभा राहिला. बर्कलीच्या विद्यापीठात भारतातून गेलेला एक विद्यार्थी होता. तात्याना तारासॉफ नावाच्या मुलीवर त्याचे मन बसले होते आणि तिने त्याला नाकारले होते. विद्यापीठाच्या दवाखान्यातील मानसशास्त्रज्ञाला त्याने सांगितले, की ती परदेशातून आली की मी तिला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, तो ताळ्यावर दिसला, तिच्या वाटेला जाणार नाही असे त्याने कबूल केले, आणि त्याला सोडण्यात आले. विभागप्रमुखांनी तर पोलिसांना लिहिलेले पत्र परत मागवून नोंदी नष्ट करावयास सांगितल्या. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिला ठार केले. जिच्या जिवावर बेतले होते ती मुलगी आणि तिचे आईबाप, यांना तोपर्यंत कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

१९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका आहे हे ज्या उपचारकाला कळले किंवा कळावयास हवे होते, त्याने त्या माणसाच्या रक्षणासाठी योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींची भीती अशी, की यामुळे असे रोगी बोलावयाचेच थांबतील, उपचार घेणार नाहीत, आणि धोका घटण्याऐवजी वाढेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझे मत निर्णयाच्या बाजूचे आहे. पण त्या निर्णयाचा जो अर्थ पुष्कळांनी घेतला, की धोका दिसला की गुप्ततेचे बंधन संपले, तो मला मान्य नाही. सॉक्रेटिसाच्या उदाहरणात शस्त्र परत देऊ नये हे ठरते. ते शस्त्र आता माझे झाले, असे ठरत नाही. तसेच येथे. जेवढ्याने जीव वाचेल तेवढेच सांगावे, ज्याला सांगितल्याने वाचेल त्यालाच सांगावे, आणि शक्य असेल तेथवर 'मी हे सांगणार आहे' असे धन्याच्या तोंडावर सांगून मग सांगावे. त्या विद्यार्थ्याच्या बालपणाची हकिगत पोलिसांना कळण्याची गरज नव्हती. त्या मुलीच्या घरी निरोप जाण्याची होती.

आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो मे २०१८ मध्ये अमलात आला, जवळजवळ हीच रेषा आखली आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला त्याने गोपनीयतेचा हक्क दिला, आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला, आणि दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काही उघड करावे लागलेच, तर ती इजा टाळण्यापुरतेच उघड करावे, असे बंधन घातले. कायदा चांगला आहे. परंतु तो आजारी माणसाचा कायदा आहे. समुपदेशनाच्या खोलीत येणारे बहुतेक लोक आजारी नसतात. कोणाचा नवरा गेलेला असतो, कोणी परीक्षेत नापास झालेला असतो, कोणाला नको असलेल्या लग्नातून बाहेर पडावयाचे असते. त्यांचा हक्क कोठे लिहिला आहे, हे शोधू लागले की पायाखालची जमीन बरीच भुसभुशीत लागते. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला पुराव्याच्या कायद्याने १८७२ पासून कवच दिले, आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही ते राखले. समुपदेशकाला असे कवच नाही. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आणि त्यांच्यातील समुपदेशक आले. आपल्याकडच्या नियमांनी तेथील बोलणे गोपनीय मानले, पण मुलांच्या ताब्यासारख्या बाबतीत न्यायालयाला अहवाल देण्याची वाट मोकळी ठेवली. मुलाशी झालेल्या बोलण्याचा समुपदेशकाचा अहवाल ताब्याच्या दाव्यात न्यायालय पाहू शकते, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, कारण तेथे न्यायालय स्वतःच मुलाच्या पालकाच्या भूमिकेत असते. निर्णयामागचा विचार समजण्यासारखा आहे. राजाने नेलेल्या ठेवीचा दोष ठेवणाऱ्यावर नाही, हे याज्ञवल्क्यही सांगतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की या पेटीला राजाचा हात लागू शकतो, हे पेटी ठेवणाऱ्या मुलाला कोणी सांगितले होते काय?

सर्वांत बिकट प्रसंग लहान वयाचा आहे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलामुलींविरुद्धचा असा गुन्हा ज्याला कळेल, त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. न कळविणे हाही गुन्हा आहे. आता सोळा वर्षांची एक मुलगी खोलीत येऊन बसली आहे, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळते आहे, आणि विचारते आहे, "मॅडम, मी सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" समुपदेशक काय म्हणेल? 'नाही' म्हटले तर मुलगी बोलेल, आणि दिलेला शब्द त्याच संध्याकाळी मोडावा लागेल. खरे सांगितले तर ती कदाचित उठून जाईल, आणि जे सोसते आहे ते आणखी वर्षभर सोसत राहील.

पुष्कळ कनवाळू माणसे येथे पहिला मार्ग पत्करतील. आधी बोलती करू, मग पाहू. त्यांची कळकळ मला समजते, तरी मी दुसऱ्या मार्गाचा आहे. या मुलीचा शब्द कोणीतरी आधीच मोडलेला आहे; तिच्या मर्जीवाचून तिचे काहीतरी हिरावून घेतलेले आहे. तिच्याकडून खोट्या वचनावर तिचे गुपित काढून घेणे, हे उद्देशाने कितीही निराळे असले तरी रीतीने त्याच जातीचे आहे. तिला खरे सांगावे. पण 'मला कळवावे लागेल' एवढे बोलून थांबणे हे कायद्यामागे लपणे झाले. कळविल्यावर कोण येईल, काय विचारतील, तिच्याबरोबर कोण बसेल, घरी काय सांगितले जाईल, हे तिला कळेल अशा भाषेत सांगावे, आणि मग तिला विचार करू द्यावा. इतके करूनही ती उठून जाईल, असे घडू शकते. ती गेली तर ते नुकसान खरे आहे, आणि कोणत्याही तत्त्वाने ते भरून निघत नाही. तरीही ज्याने जाणूनबुजून मौन पत्करले त्याने आपला हक्क वापरला, आणि जो न जाणता बोलून गेला त्याचा हक्क लुटला गेला, हा भेद मला सोडवत नाही. दार बंद होण्यापूर्वी त्या दाराला कोठे कोठे फटी आहेत हे कळणे, हा या खोलीत येणाऱ्या माणसाचा पहिला हक्क होय. बाकीचे हक्क त्याच्या मागून येतात.

व्यवसायाच्या दर्जाचा प्रश्नही येथूनच सुटू लागतो. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आली. २०२१ च्या कायद्याने आरोग्याशी संलग्न अशा अनेक व्यवसायांना, आणि त्यांत काही प्रकारच्या समुपदेशकांना, एका छत्राखाली आणण्याचे पाऊल उचलले. तरी चार दिवसांचा वर्ग करून दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावलेली माणसे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. नोंदणी हवी, परीक्षा हवी, तक्रार ऐकणारी जागा हवी, यात वाद नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५३ साली आपली पहिली आचारसंहिता प्रसिद्ध केली, ती सुभाषिते गोळा करून केली नाही. सभासदांना प्रत्यक्ष पडलेल्या पेचांची वर्णने मागवून, त्यांतून नियम काढले. आपल्याकडेही असे पेच साठवावयास हवेत. आपले पेच निराळे असणार: सुनेला घेऊन आलेली सासू खोलीबाहेर जावयास तयार नसते, फी देणारा बाप 'ती काय म्हणाली' हे विचारल्यावाचून उठत नाही, आणि गाव इतके लहान असते की समुपदेशकाच्या जिन्यावर दिसणे हीच बातमी होते.

परंतु प्रमाणपत्राने कौशल्य सिद्ध होते. धनी कोण हे त्याने ठरत नाही. उत्तम शिकलेला माणूसही समोरच्याला 'ही माझी केस' म्हणू लागला, की नाते उलटे झाले असे समजावे. समुपदेशनाच्या नात्यात एक विलक्षण ओढ निर्माण होते. ज्याने आपले ऐकून घेतले त्याच्याविषयी माणसाला जिव्हाळा वाटतो, भक्ती वाटते, कधी प्रेमही वाटते. त्या ओढीचा स्वतःसाठी उपयोग करून घेणाऱ्यांना सर्व प्रतिष्ठित आचारसंहितांनी मना केले आहे, आणि संबंध संपल्यानंतरही बराच काळ ती मनाई चालू ठेवली आहे. हा नियम ब्रह्मचर्याच्या उपदेशासारखा वाचू नये. ती ओढ हीदेखील ठेवीबरोबर आलेली वस्तू आहे, आणि तिच्यावर हात मारणे हा अपहारच आहे.

शेवटी एक लहानशी, पण मला फार दिवस सतावणारी गोष्ट. प्रत्येक समुपदेशकाच्या कपाटात वह्या असतात. आता त्यांतल्या पुष्कळशा संगणकात असतात. समुपदेशक म्हातारा होतो, आजारी पडतो, एक दिवस जातो. त्याचे घर, त्याची पुस्तके, त्याची बँकेतील पुंजी कोणाची, हे मृत्युपत्रात लिहिलेले असते. त्या वह्या कोणाच्या? मुलगा त्या रद्दीत घालील, की सून कुतूहलाने चाळील? ज्याला त्या वह्यांतील माणसे जिवंत धनी वाटतात, त्याने त्यांचा मार्ग डोळे मिटण्याआधी लिहून ठेवलेला असतो: अमक्या सहकाऱ्याने कुलूप उघडावे, ज्यांना हवे त्यांना त्यांचे परत द्यावे, बाकीचे जाळून टाकावे. ज्याच्याकडे जाऊन मी माझे मन उघडे करीन, त्याला त्याच्या पदव्या विचारण्याआधी मी एवढेच विचारीन, की आपल्या पश्चात या कपाटाची किल्ली कोणाकडे जाणार आहे?